आवाज एकाचा, झीज दुसऱ्याची

दहा वर्षं चाललेली गाडी घेऊन माणूस गॅरेजमध्ये जातो आणि सांगतो, "पुढून खडखड येतेय." बहुतेक ठिकाणी उत्तर तयार असतं: "शॉकअप गेलेत, जोडी टाकून घ्या." शॉकरची जोडी बदलली जाते, बिल चुकतं होतं आणि पहिल्याच खराब रस्त्यावर तीच खडखड पुन्हा ऐकू येते. मग लोअर आर्म बदलतात. मग स्टिअरिंगच्या रॅकवर संशय जातो. शेवटी एखादा अनुभवी मिस्त्री करंगळीएवढ्या जाडीची लिंक रॉड बदलतो आणि आवाज थांबतो. शॉकर बदलल्याच्या पैशात अशा लिंक रॉडच्या कितीतरी जोड्या आल्या असत्या.

सस्पेन्शनच्या झिजेत हा घोळ पुन्हा पुन्हा होतो, कारण या यंत्रणेत सगळ्यांत मोठा आवाज करणारा भाग बहुधा सगळ्यांत कमी धोक्याचा असतो. जो भाग तुटला तर चाकच आडवं होऊ शकतं, तो शेवटच्या टप्प्यापर्यंत जवळजवळ गप्प राहतो. शॉकरचं दुखणं तर आणखी वेगळं. तो दिवसागणिक इतका थोडा थोडा कमजोर होतो की रोज गाडी चालवणाऱ्याला फरक कळतच नाही, त्याचे हात नकळत त्या गाडीला सरावतात. वर्षभराने दुसऱ्या कोणी ती चालवली की तो पहिल्याच वळणावर विचारतो, "ही अशी का डुलते?"

उदाहरणासाठी एक गाडी समोर ठेवू: फोर्ड इकोस्पोर्ट. जून २०१३ मध्ये ती भारतात विक्रीला आली. चेन्नईजवळच्या मरैमलै नगरच्या कारखान्यात ती बनायची. चार मीटरच्या आत बसणाऱ्या आणि इंजिनाच्या आकाराची अट पाळणाऱ्या गाड्यांना २००६ च्या अर्थसंकल्पापासून उत्पादन शुल्कात सवलत मिळू लागली होती. त्या चौकटीत बसणाऱ्या छोट्या एसयूव्हींची जी लाट पुढे आली, तिच्यातली ही सुरुवातीची गाडी. जमिनीपासूनची उंची २०० मिलिमीटर, स्टेपनी मागच्या दाराला टांगलेली. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला, त्यामुळे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक इकोस्पोर्ट काही वर्षं जुनी आहे आणि बऱ्याच गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात आहेत. इथे सांगितलेलं बहुतेक सगळं ब्रेझा, डस्टर, नेक्सॉन यांनाही लागू पडतं, कारण या सगळ्यांच्या पुढच्या चाकांमागे एकच कल्पना आहे: मॅकफर्सन स्ट्रट.

अर्ल मॅकफर्सन हा अमेरिकन इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शेव्हर्लेच्या एका छोट्या, स्वस्त गाडीच्या प्रकल्पाची जबाबदारी त्याच्याकडे होती. 'कॅडेट' नावाची ती गाडी १९४७ मध्ये गुंडाळली गेली आणि मॅकफर्सन फोर्डकडे गेला. त्याच्या रचनेला मोठ्या प्रमाणावर चाकं मिळाली ती १९५० मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफर या गाड्यांत. तोवर पुढच्या चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन हात धरून ठेवत. मॅकफर्सनने वरचा हात काढून टाकला आणि ते काम शॉकरलाच दिलं. स्प्रिंग शॉकरभोवती गुंफून दोन्हींचा मिळून एक स्ट्रट केला, त्याचं वरचं टोक गाडीच्या पत्र्यात घट्ट बसवलं, खालचं टोक चाक धरणाऱ्या नकलला जोडलं. भाग कमी झाले, खर्च उतरला, आणि इंजिन आडवं बसवायला जागा मोकळी झाली. आजच्या छोट्या गाड्या त्यावाचून कल्पताच येत नाहीत.

या काटकसरीची एक किंमत मात्र आहे आणि ती जुन्या गाडीत चुकवावी लागते. मॅकफर्सन रचनेतला शॉकर केवळ हेलकावे आवरत नाही, तो चाकाला उभं धरणारा खांबही असतो. वळणावर, ब्रेक मारताना, खड्ड्याच्या काठावर चाक आदळताना येणारा आडवा जोर त्याच्या चकचकीत दांड्यावर येतो. दांडा आत-बाहेर सरकताना कडेला घासतो, त्याची वरची बुशी आणि तेल अडवणारी सील झिजते. म्हणून पुढचे शॉकर बदलणं हे मागचे बदलण्यापेक्षा मोठं काम ठरतं, आणि ते झाल्यावर चाकांचं अलाइनमेंट टाळता येत नाही.

आता स्प्रिंग आणि शॉकर यांची कामं वेगळी करून घेऊ, कारण गॅरेजमधल्या बोलण्यात ती सतत मिसळतात. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकर वजन जवळजवळ पेलतच नाही. नुसत्या स्प्रिंगवर गाडी ठेवली तर एका गतिरोधकानंतर ती सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वर-खाली होत राहील आणि बराच वेळ थांबणार नाही. शॉकरच्या नळीत तेल असतं आणि त्यात बारीक छिद्रांचा दट्ट्या. दांडा हलला की तेलाला त्या छिद्रांतून वाट काढावी लागते, आणि हलण्यातली ऊर्जा उष्णता होऊन जाते. ऑफिसच्या दाराला वर जो तेलाचा दांडा लावलेला असतो आणि जो दार धाडकन न आपटू देता हळूच मिटवतो, त्याच्या पोटात हेच चालतं. तेलाला फेस येऊ नये म्हणून आजच्या बहुतेक शॉकरांत नायट्रोजनही भरलेला असतो.

गाडीचं धड सेकंदाला एक-दीड वेळा हलतं, पण चाकाची स्वतःची थरथर त्याहून खूप वेगवान असते, सेकंदाला दहा ते पंधरा वेळा. हीच थरथर आवरणं ही शॉकरची खरी कामगिरी. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर पुढे जाते. शॉकर दमला असेल तर खडबडीत रस्त्यावर चाक दर दीड मीटरला किंचित उचलून पुन्हा टेकतं. आत बसलेल्याला हे कळतही नाही, पण त्या क्षणी ब्रेक मारला तर टायरची पकड अर्धवट असते. टायर मात्र याची नोंद ठेवतो. त्याच्या कडेवरून तळहात फिरवला तर ठरावीक अंतरावर खोलगट चट्टे हाताला लागतात. असे चट्टे लागले की शॉकर तपासायलाच हवेत, मग गाडी कितीही शांत चालत असो.

आवाजाचा मामला बहुतेकदा रबराचा असतो. सस्पेन्शन म्हटलं की डोळ्यांसमोर लोखंड येतं, पण त्यातला प्रत्येक सांधा रबरावर उभा आहे. लोअर आर्मच्या, म्हणजे खालच्या हाताच्या, बुशी, स्टॅबिलायझर बारच्या बुशी, स्ट्रटच्या डोक्यावरचं माउंट, मागची चाकं जोडणाऱ्या बीमच्या दोन मोठ्या बुशी, बॉल जॉइंटवरची टोपी, सगळीकडे रबर.

लोअर आर्मची बुशी कशी असते ते नीट पाहण्यासारखं आहे. बाहेर लोखंडी कडी, आत लोखंडी नळी, आणि मधलं रबर दोन्हींना कायमचं चिकटवलेलं. आतली नळी बोल्टने चौकटीला आवळली जाते, बाहेरची कडी आर्मबरोबर फिरते. म्हणजे आर्म वर-खाली होतो तेव्हा तिथे काहीच घासत नाही, फक्त रबर पिळलं जातं आणि परत येतं. म्हणूनच तिला ग्रीस लागत नाही.

ही गोष्ट आपल्याकडे नीट पोचलेली नाही असं मला वाटतं. अॅम्बॅसॅडरच्या काळात सांध्यांना ग्रीस निपल असायचे आणि ठरावीक अंतरानंतर ग्रीस भरणं गरजेचंच होतं. "ग्रीसिंग-ऑइलिंग" असं रंगवलेल्या पाट्या अजूनही हमरस्त्यांवर दिसतात. त्या काळची सवय अशी उरली की धुतल्यावर गाडीच्या पोटाला डिझेल किंवा जळकं ऑइल फवारायचं, गंज धरत नाही म्हणून. पत्र्याला त्याने थोडाफार आधार मिळत असेल, पण खनिज तेल नैसर्गिक रबराला फुगवतं आणि मऊ करून टाकतं. ज्या बुशीने आणखी कितीतरी वर्षं काढली असती ती अशा फवाऱ्यांनी लवकर संपते. गाडीच्या पोटाला पाण्याचा जोरदार फवारा पुरे. कोकणात, समुद्राच्या वाऱ्यात राहणाऱ्या गाडीचं पोट तर नियमित धुवावंच, खारट थर राहिला की बोल्ट बुशीच्या नळीत गंजून असे एकजीव होतात की पुढे ते कापून काढावे लागतात.

रबराचं वय किलोमीटरवर मोजता येत नाही. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन त्याला तडे पाडतात. "गाडी फक्त ४० हजार चाललीय" असं सांगून विकली जाणारी बारा वर्षांची गाडी सस्पेन्शनच्या बाबतीत तरुण नसते. शॉकर ८० हजार किलोमीटरच्या आसपास तपासून बदलावेत असं साधारणपणे सांगितलं जातं, पण तो आकडा चांगल्या रस्त्याचा. आपल्याकडच्या गतिरोधकांचंच पाहा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो, ताशी २५ किलोमीटर वेगाने आरामात ओलांडता यावा असा. गावच्या वेशीवर रातोरात घातलेला अरुंद, उभा ढिगारा त्या मापात कुठेच बसत नाही, आणि प्रत्येक वेळी स्ट्रट आपल्या शेवटच्या टोकापर्यंत दाबला जातो.

आता आवाज ओळखण्याकडे वळू. इथे घाई केली की पैसे जातात, म्हणून गाडी उचलण्याआधी ती चालवून पाहायची, रेडिओ बंद, काचा खाली, शेजारी एखादी भिंत असलेला रस्ता मिळाला तर उत्तम, कारण भिंतीवरून आवाज परततो.

कमी वेगात, उखडलेल्या डांबरावर किंवा पेव्हर ब्लॉकवर हलकी, कोरडी खडखड येते, पण गुळगुळीत रस्त्यावर पूर्ण शांतता. दोन्ही पुढची चाकं एकदम गतिरोधकावर चढली तर आवाज कमी, एकच चाक खड्ड्यात गेलं तर जास्त. ही लिंक रॉडची खूण. स्टॅबिलायझर बार दोन्ही बाजूंना जोडणारी पोलादी कांब असते. दोन्ही चाकं सारखीच उचलली तर ती नुसती फिरते, एकच उचललं तर पिळली जाते आणि लिंक रॉडच्या टोकांवरचे छोटे गोलक खेचले जातात. खात्री हवी असेल तर दोन्ही लिंक रॉड सोडवून, बांधून ठेवून, गॅरेजच्या आसपास अगदी हळू एक फेरी मारावी. आवाज गेला तर निकाल लागला. त्या अवस्थेत गाडी वळणावर जास्त कलते, तेव्हा ही फेरी हमरस्त्यावर न्यायची नाही.

उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना कुरकुर किंवा स्प्रिंग सुटल्यासारखा "टण्ण" आवाज आला तर स्ट्रटच्या डोक्यावरचं बेअरिंग पाहावं. एकाने स्टिअरिंग हळूहळू फिरवायचं, दुसऱ्याने स्प्रिंगच्या वेटोळ्याला बाहेरून नुसती बोटं टेकवायची. बेअरिंग अडकत असेल तर स्प्रिंग सरळ न फिरता झटका देऊन फिरते, बोटांना तो कळतो.

ब्रेक मारताना एक "धप्प" आणि पुन्हा निघताना दुसरा, शिवाय सरळ रस्त्यावर गाडी कधी इकडे कधी तिकडे पळते, तर लोअर आर्मच्या मागच्या बुशीवर नजर ठेवावी. ब्रेकच्या वेळी चाक मागे खेचलं जातं आणि ते रोखण्याचं काम मुख्यतः तिच्याकडे असतं. लांब लोखंडी टॉमी अडकवून आर्म पुढे-मागे रेटला की फाटलेलं रबर तोंड उघडतं. वरवरच्या बारीक भेगा म्हणजे बुशी गेली असं नव्हे. भेग आरपार गेली आहे का आणि आतली नळी मध्यावरून सरकली आहे का, ते पाहायचं.

उरला बॉल जॉइंट, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं तपासणं आहे. आर्मचं टोक आणि नकल यांना जोडणारा हा गोलक सुटला तर चाक खालून मोकळं होतं आणि बाहेर लोळतं. मॅकफर्सन रचनेत गाडीचं वजन स्ट्रटमार्गे थेट नकलवर येतं, खालच्या बॉल जॉइंटवर ते पडत नाही. त्यामुळे तपासताना जॅक चौकटीला लावून चाक मोकळं लटकू द्यायचं, मग झीज असेल तर लपत नाही. चाकाला वर आणि खाली धरून हलवायचं, शिवाय आर्म आणि नकल यांच्या मध्ये टॉमी घालून रेटायचं. प्ले, म्हणजे ढिलेपणा, दिसला तर मदतनीसाला ब्रेक दाबून ठेवायला सांगावं. त्याने हालचाल थांबली तर दोष व्हील बेअरिंगचा, तरीही राहिली तर बॉल जॉइंटचा किंवा स्ट्रटचा. डावीकडे-उजवीकडे धरून हलवल्यावरच प्ले जाणवत असेल तर दोष स्टिअरिंगच्या टाय रॉड एंडचा किंवा रॅक एंडचा. बॉल जॉइंटची रबरी टोपी फाटली असेल आणि ग्रीस बाहेर आलं असेल तर आज प्ले नसला तरी तो जॉइंट मोजक्या दिवसांचा सोबती. एका पावसाळ्यात त्यात चिखलपाणी शिरतं आणि पुढचं काम ते करतं.

शॉकर तपासायला लोक बॉनेटचा कोपरा दाबून सोडतात. ही परीक्षा फक्त पूर्ण मेलेला शॉकर पकडते, अर्धा दमलेला तिच्यातून सहज उत्तीर्ण होतो. नळीवर तेलाचा ओलसर ओघळ आणि त्याला चिकटलेली धूळ ही पक्की खूण, नुसता पातळ ओलावा तितका गंभीर नाही. जुन्या मिस्त्रींची एक युक्ती शास्त्राला धरून आहे: दहा-पंधरा किलोमीटर खराब रस्त्यावर गाडी चालवून आणायची आणि चारही शॉकरांना सांभाळून हात लावायचा. काम करणारा शॉकर गरम होतो, कारण तो ऊर्जेची उष्णता करतो. जोडीतला एक गरम आणि दुसरा थंड असेल तर थंड असलेला काहीच करत नाही.

भाग ठरले की खरेदी. पुण्यात नाना पेठेत, आणि प्रत्येक मोठ्या शहरातल्या अशा बाजारात, एकाच भागाचे चार दर मिळतात. शॉकरच्या बाबतीत महाराष्ट्राला लांब पाहावं लागत नाही; १९६१ मध्ये सुरू झालेल्या आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या गॅब्रिएल इंडियाचा शॉकरचा कारखाना चाकणला आहे. गाडी बनणं थांबलं तरी तिच्या झिजणाऱ्या भागांचा बाजार लगेच आटत नाही, कारण ते भाग बनवणारे वेगळे असतात आणि रस्त्यावरच्या गाड्यांना ते लागतच राहतात. मात्र गाडीचं वर्ष, इंजिन आणि चासी नंबर सांगूनच भाग घ्यावा. डिझेल इंजिन जड असतं, तेव्हा स्प्रिंग वेगळी असू शकते.

शॉकर नेहमी एका आसाच्या जोडीने बदलायचे. एक नवा, एक जुना ठेवला तर गाडी डावीकडे वेगळी आणि उजवीकडे वेगळी वागते. स्ट्रट खोललाच आहे तर माउंट, बेअरिंग, आतला फोमचा बंप स्टॉप आणि धूळ अडवणारी रबरी बाही हेही नवेच घालावेत. मजुरी तीच, आणि फाटलेल्या बाहीतून कण जाऊन दांड्यावर ओरखडे पडले की नवी सीलही फार टिकत नाही. लोअर आर्म सबंध घ्यावा की नुसत्या बुशी प्रेसवर चढवाव्यात, हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. बॉल जॉइंट आर्ममध्येच बसवलेला असेल आणि तोही जुना असेल तर मी सबंध आर्मच्या बाजूने मत देईन. नुसत्या बुशी घालायच्या असतील तर रबरातल्या पोकळ खाचांची दिशा जुन्यासारखीच ठेवायची. त्या खाचा एका बाजूला मऊपणा आणि दुसऱ्या बाजूला ताठपणा यावा म्हणून मुद्दाम ठेवलेल्या असतात. बुशी फिरून बसली तर गाडी नव्या भागांनिशी जुन्यापेक्षा वाईट चालते.

प्रत्यक्ष कामातला जिवाशी संबंधित भाग आधी. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. लोखंडी स्टँड लावल्याशिवाय चाकाखालच्या जागेत हातही घालू नये. दुसरं, सव्वा टनाच्या आसपासच्या गाडीत पुढच्या प्रत्येक स्प्रिंगवर तीनशे किलोच्या घरात भार असतो, आणि स्ट्रट बाहेर काढल्यावरही त्यातला काही जोर स्प्रिंगच्या वरच्या आणि खालच्या बशांमध्ये कोंडलेला राहतो. स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून वेटोळं बशीपासून मोकळं झाल्याखेरीज दांड्यावरच्या मधल्या नटाला पाना लावायचा नाही. दोऱ्या, साखळ्या, "मी धरतो, तू खोल" हे प्रकार बघताक्षणी थांबवावेत. ज्याच्याकडे चांगला कॉम्प्रेसर नाही त्याने स्ट्रट काढून नेऊन ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून स्प्रिंग उतरवून घ्यावी, यात कमीपणा कसला.

चाक काढलं की आधी एबीएसची वायर आणि ब्रेकची नळी क्लिपांमधून सोडवून बाजूला घ्यायची आणि कॅलिपर तारेने टांगायचा. तो नळीवर लोंबकळू द्यायचा नाही. लिंक रॉडचा नट फिरवताना आतला गोलकच गरगर फिरू लागतो, तेव्हा त्याच्या टोकातल्या षटकोनी खाचेत अॅलन की घालून तो धरावा लागतो. इकोस्पोर्टमध्ये स्ट्रटचं खालचं टोक नकलच्या खोबणीत घुसून एका आडव्या बोल्टने आवळलेलं असतं, तिथे खोबण किंचित फाकवून आणि गंज सोडवणारं तेल मुरू देऊन नकल खाली उतरवतात. ज्या गाड्यांत दोन बोल्ट असतात तिथे खोलण्याआधी दोन्ही भागांवर खूण करून ठेवली तर चाकाचा कल निदान पहिल्या जागी परत येतो.

नवा शॉकर डब्यात आडवा पडून आलेला असतो, त्यामुळे आतली हवा नको तिथे गेलेली असू शकते. उभा धरून दांडा पूर्ण खाली आणि पूर्ण वर, तीन-चार वेळा सावकाश करायचा. दांडा पकडीने धरायचा नाही; त्यावरचा एक ओरखडा सील खाऊन टाकतो. स्वतःहून घट्ट राहणारे नट एकदा उघडले की नवेच वापरायचे.

आता ज्या एका पायरीवर मला सगळ्यांत जास्त आग्रह धरायचा आहे ती. नव्या आर्मच्या बुशींचे बोल्ट गाडी वर टांगलेली असताना शेवटपर्यंत आवळायचे नाहीत. मघाशी पाहिलं की बुशीतलं रबर पिळलं जातं आणि आतली नळी बोल्टने जखडलेली असते. चाक लटकत असताना आर्मचं टोक नेहमीच्या जागेहून आठ-दहा सेंटीमीटर खाली असतं, आणि आर्म जेमतेम फूटभर लांब. म्हणजे कोन १५ अंशांच्या आसपास बदललेला असतो. त्या स्थितीत बोल्ट आवळला तर रबर त्या लटकत्या कोनाला आपली जागा मानतं. गाडी जमिनीवर आली की ते कायमचं १५ अंश पिळलेलं राहतं, उभ्या गाडीतसुद्धा, रात्रभर. त्यावर रस्त्याचे धक्के येतात. मग वर्षाच्या आत बुशी फाटते आणि दोष भागाला दिला जातो, "डुप्लिकेट निघाला" म्हणून. तो भाग अनेकदा अगदी अस्सल असतो.

योग्य रीत अवघड नाही. बोल्ट हाताने आणि थोड्या पान्याने बसवून ठेवायचे, चाकं लावायची, गाडी पिटवर किंवा रॅम्पवर स्वतःच्या वजनावर उभी करायची, पुढचा भाग दोन-चार वेळा दाबून हलवायचा आणि मग खालून टॉर्क पान्याने पुस्तकातल्या मापाला आवळायचे. पिट नसेल तर आर्मच्या टोकाखाली दुसरा जॅक लावून गाडी स्टँडवरून अगदी सुटू लागेपर्यंत उचलायची, तेव्हाचा कोन जवळजवळ जमिनीवरचाच असतो. मागच्या बीमच्या बुशींनाही हाच नियम. गाडी कामाला देताना मिस्त्रीला एवढं एकच विचारावं: "आर्मचे बोल्ट कुठे आवळता, वर की खाली?" उत्तरावरून बरंच काही कळतं.

मागची बाजू त्यामानाने सोपी. स्प्रिंग वेगळी, शॉकर वेगळा, दोन बोल्टांत शॉकर हातात. फक्त बीमखाली आधार ठेवावा, नाहीतर शॉकर सुटताच बीम खाली जाऊन ब्रेकच्या नळीला ताण देतो.

काम संपल्यावर व्हील अलाइनमेंट. ते का टाळू नये हे एका आकड्यात सांगता येतं. एखादं चाक सरळ दिशेपासून एका अंशाच्या दहाव्या भागाने जरी तिरकं असलं, तरी ते दर किलोमीटरला पावणेदोन मीटर आडवं घासत जातं. दहा हजार किलोमीटरमध्ये जवळपास सतरा किलोमीटर. टायरची आतली कड गुळगुळीत होते आणि ती गाडीखाली वाकल्याशिवाय दिसत नाही. अलाइनमेंटचा कागद मागून घ्यावा आणि आधीचे-नंतरचे आकडे पाहावेत. पाचशेएक किलोमीटरनंतर बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा एकदा पाना लावून तपासून घ्यावेत.

सगळं एकाच महिन्यात करणं प्रत्येकाला परवडत नाही, तेव्हा क्रम लावावा लागतो, आणि तो आवाजाच्या मोठेपणावर लावता येत नाही. सैल बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड सर्वांत आधी. त्यानंतर गळणारे किंवा थंड पडलेले शॉकर, विशेषतः पावसाळ्याच्या आणि घाटातल्या प्रवासाच्या आधी. मग आरपार फाटलेल्या बुशी, पाठोपाठ डोक्यावरची माउंट. लिंक रॉडची खडखड पुढच्या पगारापर्यंत ऐकत राहायला हरकत नाही. बॉल जॉइंटमध्ये मात्र प्ले दिसला असेल तर गाडी आहे त्या जागी उभी ठेवायची आणि भाग येईपर्यंत घरी जायला रिक्षा करायची.